चेरीची स्व-असंगतता मार्करने तपासताना

बिंग, लॅम्बर्ट आणि नेपोलियन या चेरीच्या तीन नामांकित जाती आहेत. तिघींचे पराग निरोगी असतात आणि तिघींची फुले दिसायला निर्दोष असतात. तरीही एखाद्या बागेत या तीनच जाती लावल्या, तर मधमाश्यांनी कितीही फेऱ्या मारल्या तरी फळ जवळपास धरत नाही. बागायतदार खत, पाणी, थंडी, मधमाश्या या सगळ्यांवर संशय घेतो. दोष मात्र यांपैकी कशातच नसतो. या तिन्ही जातींच्या एका विशिष्ट जनुकस्थानावर अगदी तीच जोडी बसलेली असते आणि त्यामुळे एकीचा पराग दुसरीच्या फुलाला स्वतःच्याच परागासारखा वाटतो. स्वतःचा पराग ओळखून नाकारण्याच्या या गुणाला स्व-असंगतता म्हणतात. तिचा अभ्यास जनुकीय मार्करच्या, म्हणजे डीएनएवरील ओळखखुणांच्या, मदतीने कसा करावा, हे पुढे चेरीच्याच उदाहरणाने सांगितले आहे. चेरीला लागणारी हिवाळ्याची थंडी महाराष्ट्रात मिळत नाही आणि भारतात ती मुख्यतः काश्मीर व हिमाचलात होते, हे खरे. पण या विषयात इतके नीट उलगडलेले फळझाड क्वचितच सापडेल, म्हणून शिकण्यासाठी ते निवडले आहे.

कामाला लागण्यापूर्वी यंत्रणा डोळ्यांसमोर स्पष्ट असावी. फुलातील या ओळखीचा ताबा ज्या स्थानाकडे असतो त्याला एस-स्थान म्हणतात. या स्थानावर शेजारीशेजारी दोन जनुके असतात. एक स्त्रीकेसरात काम करते आणि एस-आरएनेज नावाचे विकर, म्हणजे आरएनए तोडणारे प्रथिन, तयार करते. दुसरे परागात काम करते. चेरीच्या वंशात त्याला एसएफबी म्हणतात. ही दोन्ही इतकी जवळ असतात की पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच जातात. परागकणात गुणसूत्रांचा एकच संच असल्यामुळे त्याच्यावर एकच एस-अ‍ॅलील असते. अ‍ॅलील म्हणजे एकाच स्थानाची वेगवेगळी रूपे. झाडाच्या कुक्षीवृंतात ती दोन असतात. परागातील अ‍ॅलील कुक्षीवृंतातील दोहोंपैकी एकाशी जरी जुळले, तरी परागनलिका वाटेतच थांबते. तंबाखूच्या एका नातलगावर काम करून ईस्ट आणि मँगल्सडॉर्फ यांनी हा हिशोब १९२५ मध्ये मांडला. मेलबर्नच्या प्रयोगशाळेने स्त्रीकेसरातील जनुक १९८६ मध्ये हाती आणले, ते प्रथिन आरएनए तोडते हे १९८९ मध्ये कळले, आणि परागाच्या बाजूचे एसएफबी २००३ च्या सुमारास सापडले. मधली ती १५-१७ वर्षे लोक अर्ध्याच कुलपाचा अभ्यास करत होते आणि आजही पुष्कळ जण एस-आरएनेज तपासून थांबतात; त्याचा तोटा पुढे दिसेलच.

प्रश्न कोणता आहे ते आधी लिहून काढावे. ‘या झाडाची स्व-असंगतता तपासायची आहे’ हा प्रश्न नव्हे. झाडावर कोणती दोन एस-अ‍ॅलील आहेत, हा एक प्रश्न. अमुक झाडाचा पराग तमुक झाडाला चालेल का, हा दुसरा. एखादे झाड एकटे असूनही फळते, तर त्याची ओळखयंत्रणा कोठे बिघडली आहे, हा तिसरा. पहिल्याला एका दिवसाचा पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत, पुरतो. दुसऱ्याला पीसीआरसोबत फुलोऱ्याचा एक हंगाम लागतो. तिसऱ्याला संकरातून मिळालेल्या बिया लागतात. मार्कर डीएनएची अक्षरे वाचतो, तर कुक्षीवृंत प्रथिनाचे वागणे वाचतो. या दोन वाचनांत फरक पडतो तेथेच या विषयातले सगळे रंजक प्रकार घडतात. म्हणून प्रयोगशाळेतील प्रत्येक निष्कर्षासमोर फुलावरचा एक पुरावा ठेवण्याची पद्धत पहिल्यापासून घालून घ्यावी.

पाने गोळा करणे आणि डीएनए काढणे

पाने वसंतात, नुकती उलगडलेली घ्यावीत. चेरीच्या जून पानांत पॉलिफिनॉल आणि चिकट शर्करा भरपूर असतात. त्या डीएनएला लपेटून बसतात आणि पुढे पीसीआर अडवतात. दोन-तीन कोवळी पाने कागदी पाकिटात घालून ते पाकीट सिलिका जेलच्या डब्यात ठेवले, तर बागेतून प्रयोगशाळेपर्यंतचा प्रवास बर्फाशिवाय होतो. पाकिटावर जातीचे नाव लिहून थांबू नये. ओळ, झाडाचा क्रमांक आणि शक्यतो झाडाच्या खोडावरची खूण लिहावी. काश्मिरात मिश्री, मखमली, डबल ही नावे बाजारात चालतात, पण बाजारातले नाव आणि कलमाचा मूळ वंश एकच असतो असे गृहीत धरता येत नाही. शिवाय पान कलमाच्या वरच्या भागाचेच आहे ना, खुंटातून फुटलेल्या धुमाऱ्याचे नाही ना, हेही पाहावे. खुंटाचे पान घेतले गेले की निकाल सुरेख येतो, फक्त तो भलत्याच झाडाचा असतो.

डीएनए काढण्यासाठी सीटॅब या अपमार्जकाची नेहमीची पद्धत चालते. द्रावणात पीव्हीपी आणि थोडे मर्कॅप्टोइथेनॉल घातल्यास पॉलिफिनॉलचा तपकिरी रंग चढत नाही. मर्कॅप्टोइथेनॉलचे काम धूर ओढणाऱ्या कपाटातच करावे. शेवटी मिळालेला गोळा पांढरा असेल तर पुढे जावे. तो तपकिरी असेल तर डीएनए पुन्हा धुवावा किंवा दहापट पातळ करून पाहावा. पुष्कळदा पातळ केल्यानेच अडलेला पीसीआर सुटतो.

पहिला पीसीआर

चेरी, बदाम, जर्दाळू, आलुबुखार हे सगळे प्रूनस वंशातले. या वंशात एस-आरएनेज जनुकाला दोन इंट्रॉन असतात. सफरचंद आणि नाशपातीत एकच असतो. इंट्रॉन म्हणजे प्रथिन बनण्यापूर्वी कापून टाकला जाणारा तुकडा. त्याच्या लांबीवर निसर्गाचा फारसा धाक नसल्यामुळे तो अ‍ॅलीलगणिक लांब-आखूड होतो, आणि आपला मार्कर नेमका याच ढिलाईवर उभा आहे. इंट्रॉनच्या दोन्ही बाजूंचे भाग सर्व अ‍ॅलीलांत सारखे असतात. त्या सारख्या भागांवर बसणारे प्रायमर, म्हणजे पीसीआरची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, वापरले, तर एकाच पीसीआरमध्ये झाडावरची दोन्ही अ‍ॅलील वेगवेगळ्या लांबीचे तुकडे म्हणून बाहेर येतात. असे सामाईक प्रायमर प्रूनससाठी प्रसिद्ध झालेले आहेत. नवे तयार करण्याच्या फंदात सुरुवातीला पडू नये.

एका नळीत २० ते ५० नॅनोग्रॅम डीएनए पुरतो. साधारण ३५ फेऱ्या कराव्यात. प्रायमर बसण्याचे तापमान ५४ ते ५८ अंशांच्या दरम्यान आजमावून ठरवावे. दुसरा इंट्रॉन काही अ‍ॅलीलांत हजारांहून अधिक बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा, असल्याने तुकडा पूर्ण होण्यासाठी प्रत्येक फेरीत दोन मिनिटे द्यावीत. पहिला इंट्रॉन आखूड असतो, त्यामुळे त्याचे तुकडे एकमेकांच्या जवळ पडतात आणि तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या साध्या अ‍ॅगरोज जेलवर गल्लत होऊ शकते. त्यांच्यासाठी केशिका विद्युत्‌संचलन, म्हणजे तुकड्यांची लांबी एकेका बेसपर्यंत मोजणारे यंत्र, उपयोगी पडते. दुसऱ्या इंट्रॉनसाठी दीड ते दोन टक्क्यांचे अ‍ॅगरोज जेल पुरे.

प्रत्येक जेलवर एस-जोडी ठाऊक असलेल्या जाती चालवाव्यात. बिंगची जोडी एस३-एस४, व्हॅनची एस१-एस३, लॅपिन्सची एस१-एस४′. या तीन जाती शेजारी ठेवल्या की एस१, एस३ आणि एस४ यांचे बँड, म्हणजे जेलवर उमटणारे तुकड्यांचे पट्टे, कोठे पडतात ते त्याच जेलवर समोर येते, आणि छापील आकड्यांवर विसंबण्याची गरज उरत नाही. एक नळी नुसत्या पाण्याची ठेवावी. तिच्यात बँड दिसला तर त्या दिवसाचे सगळे निकाल टाकून द्यावेत.

एकच बँड दिसला तर मात्र थबकावे. एरवी मार्करच्या कामात एक बँड म्हणजे दोन्ही अ‍ॅलील सारखी, असे सरळ लिहिले जाते. स्व-असंगत झाडात तसे लिहिता येत नाही, कारण एस३ चा पराग एस३ असलेल्या कुक्षीवृंतातून जाऊच शकत नाही आणि त्यामुळे एस३-एस३ झाड सहसा जन्मालाच येत नाही. तेव्हा एक बँड हा बहुतेक वेळा पीसीआरचा दोष असतो. आखूड तुकडा भराभर वाढतो, लांब तुकडा मागे पडतो आणि जेलवर उमटतच नाही. अशा वेळी तुकडा वाढवण्याची वेळ वाढवावी, पहिल्या इंट्रॉनचे प्रायमर वापरून पुन्हा पाहावे, आणि तरीही दुसरा बँड आला नाही तर एकेका अ‍ॅलीलसाठी असलेले खास प्रायमर एकामागून एक चालवावेत. दोन बँड सारख्याच लांबीचे असूनही वेगळ्या अ‍ॅलीलांचे असू शकतात; हा संशय तुकड्याची अक्षरे वाचून, म्हणजे सिक्वेन्सिंग करूनच फिटतो. इतके सगळे करूनही बँड एकच राहिला, तर झाड खरोखरच वेगळे असण्याची शक्यता धरून पुढच्या पायरीकडे वळावे.

एसएफबी तपासल्याशिवाय निकाल लिहू नये

वर लॅपिन्सच्या जोडीत एस४ पुढे एक तिरकी रेघ आली आहे. ते एस-चार-प्राइम असे वाचायचे. या रेघेमागे मोठी हकीकत आहे. इंग्लंडच्या जॉन इन्स संस्थेत डॅन लुईस यांनी १९४० च्या दशकात चेरीच्या परागांवर क्ष-किरण सोडून स्वतःच्या परागाने फळणारी रोपे मिळवली. त्यांपैकी एकाचा पराग कॅनडातील समरलँड येथे लॅम्बर्टवर वापरून संशोधक लॅपिन्स यांनी स्टेला ही जात तयार केली. १९६८ मध्ये ती बाहेर आली आणि एकटी लावली तरी फळू लागली. पुढे व्हॅन आणि स्टेला यांच्या संकरातून आलेल्या जातीला त्यांचेच नाव मिळाले.

आता स्टेला आणि बिंग यांचे एस-आरएनेजचे तुकडे शेजारी शेजारी चालवा. दोन्हींत एस३ आणि एस४ यांचेच बँड दिसतील, बेसन्‌बेस सारखे. एक झाड स्वतःच्या परागाने फळते, दुसरे फळत नाही, आणि जेल दोघांना एकच नाव देते. बिघाड एस-आरएनेजमध्ये नाहीच. तो शेजारच्या एसएफबी४ मध्ये आहे, आणि तोही केवळ चार बेस गळाल्याचा. जनुकाची अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. चार अक्षरे गळली की पुढची सगळी वाचनचौकट सरकते आणि परागाकडचे प्रथिन अर्धवट तुटते. परागाची ओळखच हरवल्यामुळे कुक्षीवृंत त्याला अडवत नाही.

चार बेसचा फरक साध्या अ‍ॅगरोज जेलवर दिसत नाही. त्या जागेच्या दोन्ही बाजूंनी प्रायमर लावून सुमारे शंभर-दोनशे बेसचा तुकडा वाढवावा आणि तो पॉलिअ‍ॅक्रिलमाइड जेलवर किंवा केशिका यंत्रावर चालवावा. दुसरा मार्ग म्हणजे प्रायमरमध्ये मुद्दाम एक अक्षर बदलून असा तुकडा वाढवणे, की दोन रूपांपैकी एकच रूप विशिष्ट विकराने कापले जाईल. मग कापलेला आणि न कापलेला तुकडा जेलवर सहज वेगळे ओळखू येतात. ज्यांच्याकडे केशिका यंत्र नाही त्यांनी हा मार्ग धरावा.

सगळे बिघाड इतके सुबक नसतात. किरणांनीच मिळालेल्या दुसऱ्या एका रोपात, एस३′ मध्ये, एसएफबी३ जनुक पूर्णच उडालेले आहे. तेथे एसएफबी३ च्या प्रायमरना काहीच सापडत नाही, म्हणून बँड न येणे हाच निकाल असतो. असा निकाल स्वीकारण्यापूर्वी त्याच नळीत दुसऱ्या एखाद्या जनुकाचा बँड येतो का ते पाहावे, नाहीतर फसलेला पीसीआर आणि उडालेले जनुक यांत फरक राहत नाही. सिसिलीतील क्रोनियो या जातीत एसएफबी५ च्या मध्येच थांबण्याचा संकेत आला आहे. तो लांबीवरून कळत नाही, तेथे अक्षरेच वाचावी लागतात.

फुलावरचे काम

मार्करच्या निकालाला फुलाकडून दुजोरा घ्यायचा, तर फुलोऱ्याचे मोजके दिवस हाती असतात. काश्मिरात ते मार्चअखेर ते एप्रिल या काळात येतात. पराग आधी तयार ठेवावा. उमलण्याच्या बेतात असलेल्या फुगीर कळ्या तोडून परागकोश बारीक चाळणीवर घासून वेगळे करावेत, कागदावर पसरून साध्या तापमानाला एक दिवस वाळू द्यावेत आणि पराग सिलिका जेलसोबत बंद कुपीत शीतकपाटात ठेवावा. वापरण्यापूर्वी थोडा पराग १० ते १५ टक्के साखर आणि किंचित बोरिक आम्ल घातलेल्या अ‍ॅगरवर टाकून काही तासांनी नलिका फुटतात का ते पाहावे. मेलेल्या परागाने फळ धरले नाही, आणि ते असंगतता म्हणून नोंदले गेले, असे प्रकार घडतात.

मातृवृक्षावरच्या फुगीर कळीचा देठ डाव्या हाताच्या बोटांत धरावा आणि उजव्या हाताच्या नखांनी निदलपुंजाची वाटी खालून चिमटून वर ओढावी. पाकळ्या आणि पुंकेसर त्या वाटीच्या कडेवरच उगवलेले असल्याने सगळे एका ओढीत निघून येते आणि देठाच्या टोकाला फक्त हिरवट स्त्रीकेसर उभा राहतो. पन्नासेक कळ्यांनंतर हाताला सवय होते. त्यापूर्वीच्या कळ्यांत कुक्षीवृंत ओरखडला गेला आहे असे धरून त्या मोजू नयेत. पाकळ्या नसलेल्या फुलाकडे मधमाशी सहसा फिरकत नाही, तरीही फांदीवर पातळ कापडाची पिशवी चढवावी. एक-दोन दिवसांनी कुक्षी ओलसर चमकू लागली की बोटाच्या टोकाने किंवा मऊ कुंचल्याने पराग लावावा.

कोणते संकर करावेत, हे मार्करच्या निकालावरून ठरवावे. बिंगवर लॅम्बर्टचा पराग लावल्यास काहीच मिळू नये. व्हॅनवर बिंगचा पराग लावल्यास एस३ चे कण थांबावेत आणि एस४ चे पुढे जावेत. स्टेलाबाबत तर उलटसुलट दोन्ही संकर करावेत, कारण बिघाड कोणत्या बाजूला आहे ते त्यांतच उघड होते. बिंगवर स्टेलाचा पराग लावला की एस४′ चे कण खाली पोचतात आणि फळ धरते. स्टेलावर बिंगचा पराग लावला तर फळ धरत नाही, कारण स्टेलाच्या कुक्षीवृंतातील एस३ आणि एस४ चे विकर पूर्ण शाबूत आहे. एका दिशेने होकार आणि दुसऱ्या दिशेने नकार मिळाला, म्हणजे बिघाड परागाकडचा.

फळधारणेच्या टक्केवारीवर एकट्याने निकाल देऊ नये. अवकाळी गारठा, पाऊस, परागाचे वय, असे कितीतरी अडथळे फळ गाळतात. म्हणून प्रत्येक संकरातले दहा-पंधरा स्त्रीकेसर पराग लावल्यानंतर ७२ तासांनी काढून तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग असेटिक आम्ल यांच्या मिश्रणात बुडवावेत. नंतर ते पाण्याने धुवून सोडियम सल्फाइटच्या पाच टक्के द्रावणात वाफेच्या दाबाखाली मऊ करावेत आणि अ‍ॅनिलिन ब्लू रंगात ठेवावेत. काचपट्टीवर कुक्षीवृंत ठेवून त्यावर आच्छादन काच अलगद दाबली आणि अतिनील प्रकाशात पाहिले, तर काळसर पार्श्वभूमीवर परागनलिकांमधील कॅलोज हा शर्करामय पदार्थ पिवळट हिरव्या धाग्यांसारखे उजळते, आणि त्या धाग्यांत ठराविक अंतरावर अधिक तेजस्वी ठिपके असतात. संगत संकरात धागे अंडाशयापर्यंत जातात. असंगत संकरात ते सुरुवातीला तितक्याच उत्साहाने निघतात, पण कुक्षीवृंताच्या वरच्या भागातच मंदावतात आणि त्यांची टोके फुगून, झगझगीत होऊन थांबतात. अर्धसंगत, म्हणजे निम्मेच पराग चालणाऱ्या, संकरात दोन्ही दृश्ये एकाच काचपट्टीवर दिसतात. कुक्षीवर पराग रुजलाच नसेल, तर मात्र तो निकाल नव्हे; तो पराग मेलेला होता किंवा कुक्षी वाळलेली होती.

बिया काय सांगतात

स्व-असंगततेच्या अभ्यासात मार्करचा सर्वात सुंदर उपयोग बियांवर होतो. स्टेलाला तिचाच पराग लावून मिळालेल्या बियांचा हिशोब करू. मेंडेलच्या साध्या नियमाने एस३-एस३, एस३-एस४′ आणि एस४′-एस४′ अशा बिया १:२:१ प्रमाणात याव्यात. प्रत्यक्षात एस३ चा पराग कुक्षीवृंतात अडतो, फक्त एस४′ पोचतो. म्हणून एस३-एस३ मुळीच न येता उरलेले दोन प्रकार १:१ प्रमाणात यायला हवेत. समजा ४८ बियांत २७ एस३-एस४′ आणि २१ एस४′-एस४′ निघाल्या. १:१ साठी अपेक्षा २४-२४ ची, म्हणून काय-वर्ग, म्हणजे अपेक्षा आणि प्रत्यक्ष आकडे यांतील फरकाचे माप, ०.७५ येतो, जो ३.८४ या मर्यादेच्या बराच खाली आहे. त्याच आकड्यांची १:२:१ शी तुलना केली, तर अपेक्षा १२, २४, १२ ची आणि काय-वर्ग १९.१ च्या पुढे. तेथली मर्यादा ५.९९. म्हणजे पहिला हिशोब टिकतो, दुसरा पडतो. किती बिया पुरतील, याचेही सोपे गणित आहे. १:२:१ खरे असूनही निव्वळ योगायोगाने एकही एस३-एस३ न दिसण्याची शक्यता ११ बियांत सुमारे ४ टक्के असते आणि १७ बियांत १ टक्क्याच्या खाली जाते.

बी पेरून रोपाची वाट पाहण्याची गरज नाही. चेरीच्या बीला उगवण्यापूर्वी दीर्घ थंडी लागते, त्यात एक हिवाळा जातो. पिकलेल्या फळाची आठोळी फोडून आतल्या गर्भाचाच डीएनए काढता येतो. येथे माझी एक चूक सांगण्यासारखी आहे. पहिल्या खेपेस मी बी सोलण्यात हयगय केली. एस४′-एस४′ म्हणून ज्या बिया यायला हव्या होत्या त्यांत एस३ चा फिकट बँड दिसू लागला आणि सगळ्याच बिया एस३-एस४′ ठरल्या. दोन आठवडे मी प्रायमरना दोष देत होतो. दोष त्या पातळ तपकिरी सालीचा होता: बीजकवच हे आईच्याच ऊतीचे असते, गर्भाचे नसते, आणि त्याची एक चकती चिकटून राहिली तरी आईची दोन्ही अ‍ॅलील जेलवर हजर होतात. तेव्हापासून गर्भ पाण्यात भिजवून साल चिमट्याने पूर्ण उतरवल्याशिवाय मी नळीत काही घालत नाही.

दुसरी काळजी परक्या परागाची. पिशवीला भोक पडले, कळी उमलल्यावर खुडली गेली, तर बी भलत्याच बापाची होते. व्हॅनवर बिंगचा पराग लावलेल्या संकरात प्रत्येक बीत एस४ असलेच पाहिजे. नसेल तर ती बी परकी. स्वतःच्या परागाच्या बियांसाठी मायक्रोसॅटेलाइट मार्कर वापरावेत, म्हणजे दोन-चार अक्षरांची आवर्तने जेथे कमी-अधिक वेळा येतात अशा जागा. पीचवरून तयार झालेले यांतले पुष्कळ मार्कर चेरीतही चालतात. आईकडे नसलेले एखादे अ‍ॅलील बीत दिसले की ती हिशोबातून काढावी. बागेतील इतर झाडे आईपेक्षा जेथे वेगळी आहेत अशाच जागा निवडाव्यात, नाहीतर पाहुणा ओळखूच येणार नाही. चेरीच्या लागवडीतील जातींचे वैविध्य आधीच कमी असल्याने पाच-सहा जागांवर भागेल असे समजू नये.

एस-स्थानाबाहेरचा बिघाड

झाड स्वतःच्या परागाने फळते, पण एस-आरएनेज आणि एसएफबी दोन्ही शाबूत दिसतात, असेही घडते. स्पेनमधील क्रिस्टोबालिना ही जुनी जात त्याचे उदाहरण आहे. तिची जोडी एस३-एस६, आणि दोन्ही अ‍ॅलील निरोगी. तिला तिचाच पराग लावून आलेल्या बियांत एस३-एस३ आणि एस६-एस६ दोन्ही सापडतात, म्हणजे एस-स्थानावर १:२:१ चा साधा हिशोब चालतो. एस-स्थान चेरीच्या सहाव्या जोडणीगटाच्या, म्हणजे एकत्र वारशाने येणाऱ्या जनुकांच्या गटाच्या, टोकाला आहे. क्रिस्टोबालिनाच्या बियांतली विकृत प्रमाणे मात्र तिसऱ्या गटावर दिसली, आणि तेथे परागातील एका जनुकाजवळ उडते जनुक, म्हणजे डीएनएवर जागा बदलणारा तुकडा, घुसून त्याचे काम मंदावल्याचे पुढे आढळले.

अनोळखी स्वफलित झाडासाठी कृती यावरूनच ठरते. त्याच्या स्वतःच्या परागाच्या बिया मिळवाव्यात, सर्व गटांवर विखुरलेले मायक्रोसॅटेलाइट किंवा एसएनपी (एकाच अक्षराच्या फरकाचे) मार्कर त्यांच्यावर चालवावेत आणि प्रत्येक जागी १:२:१ पासून किती फरक पडतो ते पाहावे. ज्या गटावर हे प्रमाण सर्वाधिक बिघडते आणि दोन्ही बाजूंना अंतर वाढत जाईल तसे सावरत जाते, तेथे बिघाडाचे जनुक शोधावे. सहाव्या गटाचे टोक बिघडले असेल तर एसएफबी पुन्हा वाचावे. नसेल तर एस-स्थानावर वेळ घालवू नये.

इतर कुळांकडे वळताना

हे प्रायमर उचलून मोहरीवर वापरू नयेत. कोबी, मुळा, मोहरी यांच्या कुळात ओळख कुक्षीच्या पृष्ठभागावरच होते आणि परागाच्या अंगावरचे प्रथिन त्याला जन्म देणाऱ्या झाडाच्या दोन्ही अ‍ॅलीलांवरून ठरते. तेथे एसआरके आणि एससीआर ही जनुके तपासावी लागतात, शिवाय एक अ‍ॅलील दुसऱ्यावर वरचढ असू शकते, त्यामुळे वर मांडलेला १:१ चा हिशोब तसाच लागू होत नाही. उत्तर भारतातील तोरिया स्व-असंगत आहे, तपकिरी सरसोंमध्ये लोटणी प्रकार स्व-असंगत आणि तोरा प्रकार स्वफलित आहे, आणि पिवळी सरसों स्वफलित आहे. पिवळ्या सरसोंच्या स्वफलित होण्यात एस-स्थानाबाहेरच्या एमएलपीके या जनुकाचाही हात आहे, म्हणजे क्रिस्टोबालिनासारखीच सावधगिरी येथेही लागते. गवतांच्या कुळात एस आणि झेड अशी दोन स्थाने मिळून निर्णय घेतात. खसखशीच्या कुळातील लाल पॉपीत यंत्रणाच निराळी आहे. त्यामुळे आपल्या रोपाचे कुळ कोणत्या यंत्रणेचे, हे प्रायमर मागवण्यापूर्वी पक्के करावे.

नोंदवहीत निकाल लिहिताना काय पाहिले आणि काय पाहिले नाही, दोन्ही लिहावे. नुसते ‘एस३-एस४’ लिहिण्याऐवजी ‘एस-आरएनेजवरून एस३-एस४, एसएफबी४ तपासले नाही, फुलावर चाचणी नाही’ असे लिहिले, तर पाच वर्षांनी ती नोंद वाचणाऱ्याला ते झाड बिंगसारखे आहे की स्टेलासारखे, हे अजून ठरायचे आहे एवढे तरी कळते.